ऑकलंडमध्ये राहत्या भूखंडाचे हिस्से पाडताना

न्यूझीलंडमध्ये घर आणि त्याभोवतीची मोकळी जागा मिळून होणाऱ्या भूखंडाला ‘सेक्शन’ म्हणतात. ऑकलंडच्या जुन्या उपनगरांतील सेक्शन ऐसपैस असल्याने मागच्या परसाचा वेगळा हिस्सा पाडून तेथे नवे घर उभारण्याचा विचार नव्याने आलेल्या कुटुंबांच्याही मनात लवकरच येतो. तेथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्या सांगण्याचे सार असे, की केवळ क्षेत्रफळावर भुलू नये. मालकीपत्रात काय नोंदले आहे आणि जमिनीखाली काय पुरले आहे, यांवरच बेत तडीस जाणे अवलंबून असते.

‘रेकॉर्ड ऑफ टायटल’ हे मालकीपत्र खरेदीच्या करारावर सही करण्यापूर्वीच वकिलाकडून तपासून घ्यावे. मालकी ‘क्रॉस-लीज’ प्रकारची असेल, तर जमीन सर्व घरमालकांच्या सामाईक मालकीची असते, प्रत्येकाकडे आपापल्या घराचा बहुधा ९९९ वर्षांचा भाडेपट्टा असतो आणि बांधकामातील मोठ्या बदलासाठी इतरांची संमती लागते. ‘कव्हेनंट’ म्हणजे मालकीपत्राला जोडलेली बंधनकारक अट. तिने पुढील विभागणीस मनाई केलेली असल्यास कौन्सिलची परवानगी मिळाली तरी ती अट कायम राहते.

सांडपाण्याची सार्वजनिक वाहिनी पुष्कळदा लोकांच्या परसांखालून जाते, त्यामुळे हिरवळीत मॅनहोलचे झाकण दिसले, की तेथून नळ कोणत्या दिशेने जातो हे ऑकलंड कौन्सिलच्या ‘जिओमॅप्स’ या नकाशावर पाहावे, कारण त्या नळावर किंवा त्याच्या लगत बांधण्यासाठी वॉटरकेअर या पाणीपुरवठा व मलनिस्सारण संस्थेची मान्यता लागते. मुसळधार पावसात पाणी ज्या वाटेने जमिनीवरून वाहते, ती ‘ओव्हरलँड फ्लो पाथ’ही त्याच नकाशावर असते, जानेवारी २०२३च्या पुरानंतर तिच्याकडे काणाडोळा करणे केवळ आर्थिक नव्हे, तर जीविताचाही धोका पत्करणे होय.

विभागणीची परवानगी १९९१च्या रिसोर्स मॅनेजमेंट कायद्याखाली देण्याची पद्धत असून त्या जागी नवी कायदेव्यवस्था आणण्याचे काम सरकारने हाती घेतले आहे, म्हणून अर्जाच्या वेळी लागू असलेला नियम नियोजन सल्लागाराकडून समजून घेणे इष्ट. १९९१च्या कायद्यानुसार परवाना मिळाल्यावर परवानाधारक भूमापक मोजणी करून हद्दीच्या खुंट्या रोवतो. कलम २२३ खाली कौन्सिल मोजणीच्या नकाशाला मान्यता देते. रस्ता, नळजोड इत्यादी अटी पुऱ्या झाल्यावर कलम २२४ चा दाखला मिळतो. आणि त्यानंतरच ‘लँड इन्फर्मेशन न्यूझीलंड’ हे सरकारी खाते नवी मालकीपत्रे देते. महाराष्ट्रात गुंठेवारीचे तुकडे मागाहून नियमित झालेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी हा क्रम विशेष ध्यानात ठेवावा, कारण नवे मालकीपत्र निघेपर्यंत त्या हिस्स्याची मालकी स्वतंत्रपणे दुसऱ्याच्या नावे करता येत नाही.

अंदाजपत्रकात बहुधा बांधकामाचाच खर्च धरला जातो. कौन्सिलचे विकास शुल्क, वॉटरकेअरचे वाढीव जोडणीसाठीचे आकार आणि मागच्या घरापर्यंतच्या सामाईक वाटेचे काँक्रीट यांचाही त्यात समावेश हवा. शिवाय विक्रीच्या हेतूने केलेल्या विभागणीवर प्राप्तिकर आणि १५ टक्के जीएसटी लागू होण्याची शक्यता असते, म्हणून लेखापालाची भेट भूमापकाच्या आधी घ्यावी.