दुसऱ्याचे शब्द कशासाठी?

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. वक्तृत्व स्पर्धेसाठी तिने लिहिलेले भाषण बाईंनी परत दिले आणि ‘थोरांची दोन-तीन वचने घाल’ म्हणाल्या. मोबाइलवर शोधले तर एकच वाक्य तीन वेगवेगळ्या माणसांच्या नावावर सापडले. मुलगी विचारते, ‘मला जे म्हणायचे ते मी माझ्याच शब्दांत का म्हणू नये?’ दुसऱ्याचे शब्द उद्धृत करण्याची ही रीत आली कुठून आणि तिचा उपयोग काय?
— एक पालक, बेसा, नागपूर

उत्तर : मुलीचा प्रश्न रास्त आहे. तिचे म्हणणे तिने स्वतःच्याच शब्दांत मांडावे. भाषणाला वजन यावे म्हणून वरून चिकटवलेल्या वचनाने काही साधत नाही. पण दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे जपण्याची खरी गरज केव्हा पडते, हे समजून घ्यायचे तर तुम्हाला विदर्भाबाहेर जावे लागणार नाही.

अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर तुम्ही ऐकून असाल. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी तेराव्या शतकात गावोगाव हिंडले आणि भेटेल त्या माणसाशी त्याच्याच मराठीत बोलले. त्यांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. ते निघून गेल्यावर शिष्यांपाशी उरल्या त्या आठवणी. पंथाचे आचार्य नागदेवाचार्य, म्हणजे भटोबास, रिद्धपुरात या आठवणींचे चिंतन करत असत. म्हाइंभट या विद्वान शिष्याने ओळखले की ही माणसे गेली की स्वामींचे शब्दही जातील. त्यांनी भटोबासांकडून लीळा ऐकून घेतल्या आणि मग ज्या प्रसंगाला जो हजर होता त्याला गाठून विचारले. या खटाटोपातून 1278 च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ तयार झाले. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ म्हणजे मुळात दुसऱ्याच्या शब्दांची साक्षीपुराव्यानिशी केलेली नोंद आहे.

पंथाची परंपरा सांगते की पुढे खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली आणि अनुयायांनी ग्रंथ स्मरणातून पुन्हा जुळवला. त्यात हिराइसा या साध्वीची स्मरणशक्ती मोठी कामी आली. आता यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट सांगतो. एकच प्रसंग दोघांना वेगवेगळा आठवत असेल, तर महानुभावांच्या पोथ्यांत एक पाठ ठेवून दुसरा पुसून टाकलेला नाही. कोणाच्या स्मरणाप्रमाणे काय, हे नावानिशी लिहून ठेवले आहे. गुरूवर इतकी भक्ती असलेल्या माणसांना त्याच्या तोंडी सोयीचे शब्द घालणे किती सोपे होते! त्यांनी तो मोह टाळला.

पंथातल्याच केशोबासांनी पुढचे पाऊल टाकले. त्यांनी लीळांमधून स्वामींची वचने निवडून ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला. वाक्य असे प्रसंगातून सुटे काढले की त्याचा अर्थ घसरू लागतो, हे पंथातल्या अभ्यासकांनी ओळखले आणि कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी उच्चारले गेले हे सांगणारे ‘प्रकरणवश’ ग्रंथ रचले. ‘दृष्टान्तपाठा’ची रचना तर पाहण्यासारखी आहे. त्यात सूत्र आणि दृष्टान्त स्वामींचे, त्याखालचे दार्ष्टान्तिक म्हणजे स्पष्टीकरण केशोबासांचे. गुरूचे शब्द कुठे संपतात आणि शिष्याचे कुठे सुरू होतात, हे वाचकाला लगेच कळते. तेव्हा मराठीत अवतरणचिन्हे नव्हती हे लक्षात घ्या. ग्रीक विद्वान फार पूर्वी पोथीच्या समासात खुणा करत, त्या खुणांचा वंश छापखान्यापर्यंत आला आणि एकोणिसाव्या शतकात मेजर कँडींच्या प्रयत्नांनी विरामचिन्हे मराठीत रुळली. त्याआधी संस्कृतात ‘इति’ आणि मराठीत ‘म्हणितले’ एवढ्यावर भागत असे.

हीच काळजी एकनाथांनी 1584 मध्ये ‘ज्ञानेश्वरी’ची प्रत शुद्ध करताना घेतली आणि ग्रंथात कोणी आपली ओवी मिसळू नये अशी ताकीद देऊन ठेवली.

आता तुमच्या शहराकडे येऊ. जुलै 1942 मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद भरली होती. तिथल्या भाषणाच्या शेवटी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इंग्रजीत जी त्रिसूत्री सांगितली, तिचा क्रम शिका, चळवळ करा, संघटित व्हा असा होता. आज भिंतींवर आणि फलकांवर आपण वाचतो तो ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ हा. शब्द जवळपास तेच, पण चळवळ मधून उचलून शेवटी गेली. चळवळीतून संघटना उभी राहते की संघटना बांधून मग लढ्यात उतरायचे, यावर कार्यकर्त्यांनी खूप चर्चा केली आहे आणि ती क्षुल्लक नाही. आणखी एक गोष्ट. हेच तीन शब्द 1880 च्या दशकात लंडनच्या समाजवादी संघटनेच्या सदस्यपत्रावर होते. जुने शब्द बाबासाहेबांनी नागपुरात उच्चारले तेव्हा समोर बसलेल्या माणसांच्या आयुष्यामुळे त्यांना वेगळेच बळ आले. उद्धृत करण्याचा याहून मोठा उपयोग मला माहीत नाही. दुसऱ्याचा शब्द नव्या ठिकाणी, नव्या माणसांसाठी कामाला लावायचा आणि तो लावताना मोडायचा नाही.

म्हणून मोबाइलवर फिरणाऱ्या वचनांचा मला खरोखर राग येतो. बाबासाहेब, विवेकानंद, कलाम, कोणाचेही नाव कोणत्याही वाक्याखाली लावले जाते. ज्याने ते म्हटलेच नाही त्याच्यावर हा अन्याय आहे आणि ज्याने खरोखर म्हटले त्याची ही चोरी आहे. वाक्य चांगले आहे, मग नावाने काय बिघडते, असे पुष्कळ जण म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. वाक्य चांगले असेल तर ते नावाशिवायही चांगलेच राहील.

मुलीला सांगा, वचन घ्यायचेच असेल तर एकच घे, पण कोणी, कुठे, केव्हा आणि कशाबद्दल बोलताना ते उच्चारले हे सांगता येईल असे घे. बाबासाहेबांचे घ्यायचे असेल तर महाराष्ट्र शासनाने 1979 पासून काढलेले त्यांच्या लेखन-भाषणांचे खंड ग्रंथालयात मागा. त्यांच्या संपादनाचे काम नागपूरच्याच वसंत मून यांनी वर्षानुवर्षे केले. चक्रधरस्वामींचे घ्यायचे असेल तर नागपूरचे ह. ना. नेने किंवा डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ पाहा. आणि अशा ठिकाणी वाक्य सापडले नाही, तर ते भाषणातून काढून टाका. बाईंना कारण सांगा. त्या नक्की ऐकतील.