धाग्याच्या भांगेची लागवड व कायदा

भांगेच्या झाडापासून धागा, तेल व औषधी द्रव्यें काढण्याच्या धंद्याची चर्चा गेल्या कांहीं वर्षांत बरीच वाढली आहे. बियाणें आम्ही देतों, मालही आम्हीच उचलतों, असें सांगणारा कोणी आपल्या बांधावर येण्यापूर्वींच या बाबतींत कायदा काय म्हणतो हें शेतकरी बंधूंनीं समजून घेणें अवश्य आहे. इतर पीक फसलें तर एक हंगाम बुडतो. हें पीक परवानगीवांचून उभें राहिलें तर तुरुंगवासाची वेळ येते.

प्रथम नांवांचा घोटाळा दूर करूं. इंग्रजींत ‘हेम्प’ हा एकच शब्द तीन निराळ्या झाडांस लावतात. ‘सन हेम्प’ म्हणजे आपला ताग, ‘डेक्कन हेम्प’ म्हणजे अंबाडी, आणि नुसतें ‘हेम्प’ म्हणजे भांगेचें झाड. ताग हें शेंगवर्गांतील पीक, तर अंबाडी भेंडी व कापूस यांच्या कुळांतील. अंबाडीचें पान भांगेच्या पानासारखें दिसतें व हें साम्य तिच्या शास्त्रीय नांवांतही उतरलें आहे. परंतु दोहोंचा नात्यानें कांहीं संबंध नाहीं. पुढील विवेचन केवळ भांगेच्या झाडाविषयीं आहे.

या झाडाची अडचण अशी कीं, उपयोगी व मादक हे दोन्ही पदार्थ एकाच झाडावर येतात. खोडाच्या सालीपासून धागा व बियांपासून तेल मिळतें. त्याच झाडाच्या फुलोऱ्यास गांजा, त्याच्या चिकास चरस व पानांस भांग म्हणतात. ब्रिटिश सरकारनें १८९३ सालीं या प्रश्नाच्या चौकशीसाठीं एक आयोग नेमला होता. सरसकट बंदी न घालतां परवाना व कर यांच्या योगानें नियंत्रण ठेवावें, असें त्याचें मत पडलें. पुढें १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानें गांजा व चरस यांवर कडक निर्बंध आले. तथापि केवळ धागा व बीं यांसाठीं होणारी लागवड त्या करारांतून वगळण्यांत आली. या कराराच्या धोरणास अनुसरून आपल्या देशांत १९८५ सालीं अंमली पदार्थांविषयींचा जो कायदा झाला, तो ‘एन.डी.पी.एस.’ या नांवानें ओळखला जातो.

या कायद्यांत गांजाची व्याख्या झाडाच्या भागावरून केली आहे. फुलोरा म्हणजे गांजा. फुलोऱ्यावांचून असलेलीं पानें व बिया त्या व्याख्येंत येत नाहींत. लागवडीची गोष्ट मात्र निराळी आहे. कलम ८ प्रमाणें भांगेच्या जातीचें कोणतेंही झाड लावण्यास मनाई आहे. तें धाग्याचें आहे कीं गांजाचें, हा भेद तेथें केलेला नाहीं. बेकायदेशीर लागवडीस कलम २० अन्वयें दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो.

मग धाग्यासाठीं वाट कोठें आहे? ती कलम १४ मध्यें आहे. धागा किंवा बीं मिळविण्याच्या औद्योगिक कामासाठीं, तसेंच उद्यानविद्येसाठीं, सरकार सामान्य अथवा विशेष आदेश काढून व अटी घालून लागवडीस मुभा देऊं शकतें. अर्थात् मुभा आदेशानें मिळते, पिकाच्या गुणानें नव्हे. ‘आमच्या बियाण्यांत मादक द्रव्य ०.३ टक्क्यांहून कमी आहे, म्हणून परवान्याची गरज नाहीं’ असें कोणी सांगितल्यास तें सर्वस्वीं चूक आहे. हा आंकडा मूळ कायद्यांत कोठेंही नाहीं. तो परवान्याच्या अटींतून आलेला आहे. परवाना नसेल तर ०.३ काय आणि ३ काय, गुन्हा एकच.

परवाना मिळाला म्हणजे सर्व संकट टळलें, असेंही नाहीं. उत्तराखंड राज्यानें २०१८ सालीं औद्योगिक लागवडीस परवाना देऊन या कामीं पहिलें पाऊल टाकलें, व टी.एच.सी. या मादक द्रव्याची मर्यादा ०.३ टक्के ठेवली. परंतु डोंगरांत आपोआप उगवणारीं झाडें पुष्कळदां या मर्यादेपलीकडे जातात. शिवाय या द्रव्याचें प्रमाण जात, हवामान व पिकाची पक्वता यांवर अवलंबून असतें. एका ठिकाणीं नियमांत बसलेलें बियाणें दुसऱ्या ठिकाणीं नियमाबाहेर जाऊं शकतें, आणि नुकसान शेतकऱ्याच्या माथीं बसतें. हिमाचल प्रदेशाच्या मंत्रिमंडळानें २०२५ च्या जानेवारींत सरसकट लागवड खुली न करतां पालमपूर व नौणी येथील विद्यापीठांमार्फत प्रायोगिक अभ्यास करण्याचें ठरविलें, तें या दृष्टीनें शहाणपणाचें होय.

मालाच्या विक्रीसही स्वतंत्र नियम आहेत. भांगेचें बीं, त्याचें तेल व पीठ यांस अन्न म्हणून २०२१ सालीं मान्यता मिळाली. पण बीं उगवणक्षम असतां कामा नये, आणि टी.एच.सी.चें प्रमाण बियांत किलोस ५ मिलिग्रॅम व तेलांत १० मिलिग्रॅम यांहून अधिक असतां कामा नये. महाराष्ट्रांत याखेरीज १९४९ चा दारूबंदी कायदा लागू असून, त्याप्रमाणें भांग देखील परवान्यावांचून जवळ बाळगतां येत नाहीं. उत्तर भारतांतील भांगेच्या दुकानांचा दाखला येथें उपयोगाचा नाहीं.

जमीनधारकानें लक्षांत ठेवण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं, लागवड दुसऱ्यानें केली म्हणून तो मोकळा होत नाहीं. आपल्या जमिनींत अशी बेकायदेशीर लागवड असल्यास कलम ४६ प्रमाणें त्यानें ताबडतोब पोलिसांस किंवा संबंधित खात्याच्या अधिकाऱ्यास खबर दिली पाहिजे. जाणूनबुजून न दिल्यास तो शिक्षेस पात्र होतो. जमीन खंडानें वा वाट्यानें देणाऱ्यांनीं तूर, कपाशी, ऊस यांच्या सऱ्यांमध्यें काय उभें आहे हें वरचेवर पाहत जावें.

सारांश, कोणाचीही सूचना आल्यास पुढील गोष्टी पाहाव्या.
(१) सरकारचा लेखी आदेश स्वतः वाचावा. कंपनीचा करार अथवा बियाण्याचा दाखला म्हणजे परवाना नव्हे.
(२) आपलें नांव, गट क्रमांक व क्षेत्र त्या आदेशान्वयें मिळालेल्या परवान्यांत आहे कीं नाहीं याची खात्री करावी.
(३) पीक मर्यादेबाहेर गेल्यास नुकसान कोणी सोसावयाचें, हें करारांत स्पष्ट लिहून घ्यावें.
(४) हें सर्व होईपर्यंत एकही दाणा जमिनींत टाकूं नये.

ज्यांस केवळ धाग्याचें पीक हवें आहे, त्यांस ताग व अंबाडी हीं पिकें मोकळीं आहेत. ताग फुलावर आला असतां गाडल्यास उत्तम हिरवळीचें खत होतें, आणि अंबाडीची भाजी तर घरोघर होते. त्यांच्यासाठीं कोणाच्या परवान्याची वाट पाहावी लागत नाहीं.