रॉकेल नको, गोडेतेल घ्या

प्रश्न : उंदरांसाठी फ्रिजमागे ठेवलेला ग्लू पॅड आमच्या कुत्र्याच्या पंजाला आणि पोटाच्या केसांना चिकटला. साबणाचं पाणी ओतलं, काही उपयोग झाला नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, रॉकेल लावा. तेवढं धाडस झालं नाही. अशा वेळी नेमकं काय करावं?
– एक वाचक, मिरज

उत्तर : रॉकेल लावलं नाहीत, हे फार बरं केलंत. काकूंचं अगदीच चूक नाही. रॉकेलने तो गोंद सुटतो. पण कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा नाजूक, आणि अंगाला काही लागलं की ते आधी चाटणार. रॉकेल, पेट्रोल, थिनर, टर्पेंटाइन कातडी भाजतात आणि चाटताना किंवा उलटी होताना फुप्फुसात उतरले तर न्यूमोनिया होतो. नेलपॉलिश रिमूव्हर आणि टी ट्री तेलही नकोच.

ग्लू पॅडवरचा गोंद वाळण्यासाठी केलेलाच नसतो. पेट्रोलियमपासून काढलेल्या पॉलिब्युटीनसारख्या द्रव्यांमुळे तो महिनोन्‌महिने चिकट राहतो. पाण्याला तो दाद देत नाही. तेल मात्र त्यात मुरतं आणि त्याची पकड ढिली करतं. शेंगदाणा, सूर्यफूल, खोबरेल, घरात असेल ते चालेल. मोहरीचं टाळा, झोंबतं.

सगळ्यात आधी पॅडच्या उघड्या भागावर रद्दी पेपर दाबा किंवा पीठ भुरभुरा, नाहीतर धडपडीत दुसरा पाय, शेपूट आणि तुमची बाहीही अडकेल. एकाने कुत्र्याला धरावं. घाबरलेलं कुत्रं मालकालाही चावतं, म्हणून तोंडाला ओढणी सैलसर बांधा. पण गोंद नाकातोंडाजवळ असेल किंवा ते धापा टाकत असेल, तर बांधू नका. पॅड ओढायचा नाही, ओढलात तर केसांबरोबर कातडी येते. मोकळा पुठ्ठा कापून टाका. मग केस आणि गोंद जिथे भेटतात त्या कडेला तेल सोडा, बोटांच्या टोकांनी चोळा, पाच-दहा मिनिटं थांबा, पुन्हा तेल घाला. चमच्याची दांडी हळूच सरकवली की पुठ्ठा घसरायला लागतो. खरी चिकाटी लागते ती बोटांच्या बेचक्यांत.

गुंता कात्रीने कापण्याचा मोह होईल. पण गोंदाने कातडीही केसांबरोबर वर ओढलेली असते, ती दिसत नाही आणि कात्रीत सापडते. कापायचंच झालं तर मध्ये कंगवा धरून, फक्त टोकाचे केस कापा. शेवटी सौम्य शाम्पू आणि कोमट पाण्याने तेल धुऊन अंग नीट कोरडं करा.

गोंद डोळ्यांत, नाकात किंवा तोंडात गेला असेल, कातडी सोलली असेल किंवा पुठ्ठ्याचा तुकडा गिळला असेल, तर घरचे उपाय थांबवून थेट पशुवैद्याकडे जा. थोडासा गोंद चाटला तर सहसा विषबाधा होत नाही. पोट मात्र बिघडू शकतं.

जाता जाता : न्यूझीलंडमध्ये या पॅडच्या विक्रीवर आणि वापरावर २०१५पासून बंदी आहे. इंग्लंडमध्ये सामान्य माणसाने ते लावणं जुलै २०२४पासून गुन्हा ठरलं. तेल लावायला कोणी नसलेला उंदीर त्यावर तासन्‌तास तडफडतो. त्यापेक्षा बिळं बुजवा, पिंजरा लावा. आणि घरात पॅड उरले असतील, तर चिकट बाजू आत दुमडून मगच कचऱ्यात टाका. उकिरड्यावर भटकी कुत्रीमांजरं फिरत असतात.