थिनरविना ब्रश स्वच्छ कसा करावा?

ऑईल पेंटचे काम आटोपले की रंगारी थिनरच्या डब्यात ब्रश बुडवतो आणि त्याच थिनरने हात पुसून घरी जातो. उस्तादाचे पाहून शागीर्दही तेच शिकतो. थिनर कातडीतील स्निग्धपणा काढून घेतो, त्यामुळे हातांना भेगा पडतात. बंद खोलीत त्याच्या वाफेने डोके दुखते, चक्कर येते. शिवाय थिनरचा खर्च रोजचाच! पण ब्रश साध्या खाद्यतेलाने व साबणानेही स्वच्छ होतो.

याचे कारण समजून घ्यावे. ऑईल पेंटमधील जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. ते हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते. रंग ओला आहे तोवर तो दुसऱ्या तेलात सहज मिसळतो. एकदा वाळला की तेलाचा उपयोग नाही. म्हणून काम संपताच ब्रश धुवावा. इनॅमल लवकर धरतो, तेथे तर मुळीच उशीर करू नये.

कृती अशी :

१) ब्रशातील रंग आधी डब्याच्या काठावर व नंतर रद्दी कागदावर निपटून घ्यावा. निम्मे काम येथेच होते.

२) वाटीत थोडे शेंगदाण्याचे किंवा खोबरेल तेल घेऊन ब्रश त्यात दाबत फिरवावा व चिंधीने पुसावा. रंग उतरणे थांबेपर्यंत दोन-तीनदा असे करावे. थंडीत खोबरेल गोठते, ते कोमट करून घ्यावे.

३) धुण्याच्या साबणाच्या वडीवर ब्रश घासून कोमट पाण्याने धुवावा. पत्र्याजवळच्या केसांत रंग दडतो, तेथे बोटांनी चोळावे. हातात रबरी मोजे असावेत. फेस पांढरा येईपर्यंत हे चालू ठेवावे. तेल आत राहिले तर पुढच्या कामाचा रंग चिकट राहतो.

४) पाणी झटकून केस सरळ करावेत व ब्रश आडवा ठेवून वाळवावा. उभा ठेवल्यास पाणी पत्र्यात उतरून दांडा फुगतो.

दुपारच्या सुट्टीपुरते ब्रश प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून ठेवला तरी पुरते.

लॅकर किंवा ड्युको यांना ही रीत लागू नाही. त्यांना त्यांचेच थिनर लागते.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जवसाचे तेल वा ऑईल पेंट लागलेल्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकू नये. तेल वाळताना उष्णता निर्माण होते, ती ढिगात कोंडते आणि काडी न लावताही आग लागू शकते. चिंध्या उघड्यावर एकेक पसराव्यात किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवाव्यात. लाकडाच्या कारखान्यात तर शागीर्दाला पहिल्याच दिवशी ही सवय लावावी. ब्रश गेला तर नवा घेता येतो. भुसा आणि लाकूड पेटले तर सारी कमाई जाते.