गोवर एका घरात थांबत नाही



२०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली. त्याच सुमारास भिवंडीत आणि आपल्या गिरणा खोऱ्यातल्या मालेगावातही आली. लेकरं दगावली. आजारी पडलेल्यांत लस न घेतलेली मुलं बरीच होती. कोरोनाच्या काळात ‘पुढच्या महिन्यात देऊ’ म्हणता म्हणता कितीतरी घरांत लस राहून गेली होती.

गोवर निघाला की आपल्याकडे ‘माता आली’ म्हणतात, दाराला कडुलिंब लावतात. श्रद्धा ज्याची त्याची. पण हा आजार विषाणूचा आहे आणि तो हवेतून पसरतो. आजारी मूल खोलीतून निघून गेलं तरी दोन तासांपर्यंत तिथल्या हवेत विषाणू राहू शकतो. कुणालाच लस नसेल, तर एका मुलापासून १२ ते १८ जणांना लागण होते.

आता खरी अडचण बघा. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासूनच मूल आजार पसरवायला लागतं, आणि पुरळ उठल्यावर आणखी चार दिवस. आधीच्या दिवसांत दिसतं काय? ताप, सर्दी, खोकला, लाल डोळे. आईला वाटतं, साधी सर्दी आहे. मग तेच लेकरू कडेवर घेऊन ती हळदीला जाते, चाळीसगावच्या बसमध्ये बसते. पुरळ दिसल्यावर घरात ठेवलं, तोवर उशीर झालेला असतो. म्हणून नुसतं जपून राहणं पुरत नाही, लस आधीच झालेली लागते.

गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. नऊ महिन्यांच्या आतलं बाळ मात्र उघडंच असतं. आईकडून आलेली ताकद ओसरत जाते आणि लसीचं वय झालेलं नसतं. त्या बाळाला वाचवणार कोण? शेजारच्या घरातली लस घेतलेली मुलं. १०० पैकी ९५ मुलांचे दोन्ही डोस झाले, तर साथीला पुढे जायला वाटच राहत नाही. गटात दोघींनी हप्ते थकवले की तिसरीचं कर्ज अडतं ना, तसंच हे. आणि तालुक्याचा आकडा चांगला असून भागत नाही. लस राहिलेली मुलं बहुतेक एकाच वस्तीत असतात, आणि साथ नेमकी तिथेच पेटते.

‘लसीने ताप येतो.’ हो, काहींना येतो, आठवडाभरानंतर बारीक पुरळही येऊ शकतं. ते आपोआप जातं. ‘एक डोस झाला, बस.’ नाही. एका डोसनंतर १०० पैकी साधारण १५ मुलं कच्चीच राहतात, त्यांच्यासाठी दुसरा. डोस चुकला असेल तरी पाच वर्षांपर्यंत देता येतो. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी कार्ड सोबत न्यावं. कोणत्याही सरकारी केंद्रात लस फुकट मिळते.

गोवराची शंका आली तर त्याच दिवशी आशाताईला सांगा, लपवू नका. ‘अ’ जीवनसत्त्वाचे दोन डोस लागोपाठ दोन दिवस द्यायचे असतात, त्याने डोळे वाचतात. पथ्य म्हणून जेवण तोडू नका, अंगावरचं दूध चालू ठेवा. धाप लागली किंवा जुलाब थांबेनात, तर थेट दवाखाना.

पुढच्या मासिक बैठकीला पासबुकासोबत लसीकरणाचं कार्डही आणा. सूनबाईचं, भाचीचं, शेजारणीचंही. कोणाचा दुसरा डोस राहिलाय ते तिथेच बघून नर्सबाईंना नावं देऊ.