पट्ट्या पिशवीतच राहिल्या

उजव्या हाताची मूठ वळली की माझी करंगळी अनामिकेवर चढते. मुठीच्या चार गाठी दिसायला हव्यात तिथे तीनच दिसतात. शेवटची आत बसली आहे. बॉक्सिंग शिकायला नव्याने आलेल्या प्रत्येक मुलामुलीला मी हा हात मुद्दाम दाखवतो.

२००८ साली बीजिंगमध्ये विजेंदर सिंगला ब्राँझ मिळालं आणि आमच्यासारख्या कितीतरी पोरांना ग्लोव्ह्ज घालावेसे वाटले. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. बॉक्सिंगच्या सरांनी पहिला दीड महिना बॅगला हात लावू दिला नाही. दोरीच्या उड्या, उभं राहण्याची ढब, पुढेमागे सरकणं आणि आरशासमोर हवेत ठोसे, एवढंच. ‘‘ठोसा पायातून येतो रे, हात तो फक्त पोचवतो,’’ असं ते रोज सांगायचे. टाच फिरली, कंबर वळली, तर खांदा आपोआप पुढे जातो. मला मात्र हा सगळा वेळकाढूपणा वाटायचा.

एका सकाळी हॉलमध्ये मी एकटाच होतो. हाताला पट्ट्या न बांधताच कोणाचे तरी चेपलेले, पातळ ग्लोव्ह्ज चढवले आणि बॅगवर सगळा जीव एकवटून उजवा हुक मारला. मनगट मुडपलं, मार करंगळीच्या बाजूने बसला. वाळकी काटकी मोडावी तसा बारीक आवाज आला.

ते दुखणं लपवलं, ही त्याहून मोठी चूक. आंबेहळदीचा लेप लावला, एकाकडून हात चोळून घेतला, यात नऊ दिवस गेले. एक्स-रे काढला तेव्हा करंगळीखालचं तळहातातलं हाड मानेशी मोडून वाकडं जुळू लागलं होतं.

असं का होतं ते समजून घ्या. तळहातात पाच लांब हाडं असतात. तर्जनी आणि मधल्या बोटाची हाडं मनगटाशी घट्ट बसलेली असतात, जवळपास हलत नाहीत. अनामिका आणि करंगळीची बारीक आणि हलती. म्हणून ठोसा पहिल्या दोन गाठींवरच बसायला हवा. मूठ भिंतीला टेकवा, हलकेच अंगाचा भार द्या आणि कुठल्या गाठी टेकतात ते बघा. अंगठा बाहेर, बोटांवर आडवा. मनगट आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत. आठवडाभर एवढं रोज केलंत तरी हाताला वळण लागतं.

पट्ट्या साधारण साडेचार मीटरच्या घ्या. आखूड पट्टीत मनगटाला काही उरत नाही. बांधताना बोटं पूर्ण फाकवलेली हवीत, कारण सैल हातावर घट्ट बांधलेली पट्टी मूठ वळताच काचते. अंगठ्यात फास अडकवा, मनगटाला तीन वेढे द्या, मग गाठींवर तीन, मग बोटांच्या बेचक्यांतून, अंगठ्याभोवती एक आणि उरलेली सगळी मनगटाला. मूठ वळल्यावर पट्टी घट्ट लागली पाहिजे, उघडल्यावर सैल. नखं निळसर दिसली किंवा बोटांना मुंग्या आल्या तर सगळी सोडा आणि पुन्हा बांधा. सरावाच्या बॅगसाठी किमान १२ औंसाचे ग्लोव्ह्ज हवेत. मनगटाच्या ताकदीला एक जुना, स्वस्त उपाय आहे: बादलीभर तांदळात हात खुपसून मूठ उघडायची, मिटायची. मी अजूनही करतो.

आणि लागलंच, तर अंगठी असेल ती आधी काढा, कापडात गुंडाळून बर्फ लावा, हात उंच धरा, त्याच दिवशी एक्स-रे काढा. चोळायचं अजिबात नाही. बोटं हळूच दुमडून बघा. एखादं बोट शेजारच्यावर चढत असेल तर हाड फिरलेलं असू शकतं, हाडांच्या डॉक्टरांना ते आवर्जून दाखवा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळग्यात दुखत असेल तर जास्त सांभाळा. तिथल्या लहानशा हाडाची चीर पहिल्या एक्स-रेमध्ये कधीकधी दिसतच नाही, दहा-बारा दिवसांनी पुन्हा काढावा लागतो. ‘‘एक्स-रे नॉर्मल आहे’’ म्हणून दुसऱ्या दिवशी बॅगवर जाणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांना हात धरून थांबवावं लागतं.

सराव झाला की पट्ट्या रोज धुवा, उन्हात वाळवा. गुंडाळी मात्र चिकटपट्टीच्या टोकाकडून सुरू करा, म्हणजे अंगठ्याचा फास सगळ्यात वर राहतो आणि हात घातला की बांधायला सुरुवात होते. माझी त्या दिवशी उलटी गुंडाळलेली होती. ती सोडवून पुन्हा गुंडाळायची, मग बांधायची, म्हणजे पाचेक मिनिटं गेली असती. तेवढा धीर नव्हता, म्हणून मी ती तशीच पिशवीत टाकली आणि ग्लोव्ह्जकडे वळलो.