न विचारलेला प्रश्न

मद्याने यकृत बिघडते हे सर्वश्रुत आहे. मात्र या बिघाडाची एक मोठी वाट आतड्यांतून जाते, हे उपनगरांतील दवाखान्यांत क्वचितच कोणी समजावून सांगते. आतड्याचे अस्तर पेशींच्या एकाच थराचे असते आणि शेजारच्या पेशींना जखडून ठेवणारे प्रथिनांचे सांधे आतील जिवाणूंना रक्तापासून दूर राखतात. मद्य आणि त्यापासून शरीरात तयार होणारे अ‍ॅसिटाल्डिहाइड हे रसायन हे सांधे ढिले करतात. मग जिवाणूंच्या कवचाचे विषारी अंश, म्हणजेच एंडोटॉक्सिन, आतड्यांचे रक्त यकृताकडे नेणाऱ्या पोर्टल शिरेत झिरपतात आणि यकृतातील कुप्फर नावाच्या रक्षक पेशींना चेतवून तेथे सूज निर्माण करतात.

घाटकोपर येथे राहणाऱ्या प्रस्तुत लेखकाच्या थोरल्या बंधूंना तीन वर्षे पोटफुगी आणि सकाळचे पातळ शौच यांचा त्रास होता, आणि त्या काळात नेहमीच्या डॉक्टरांनी आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या, पण किती पिता, हे एकदाही विचारले नाही. लेखकाने विषय काढला तेव्हा ‘जेवणाबरोबर थोडी चालते’ असे उत्तर मिळाले. ती ‘थोडी’ म्हणजे रोजची एक क्वार्टर होती: १८० मिलि, त्यात ४२.८ टक्के मद्यार्क, म्हणजे सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. बंधू स्वतः जून २०१५ मधील मुंबईतील मालवणीच्या विषारी दारूकांडाचा दाखला देत, ज्यात १०० हून अधिक माणसे दगावली. ती मिथेनॉलची भेसळ होती, आपली बाटली सीलबंद आहे, असे त्यांचे म्हणणे असे. वस्तुतः आतड्याचे सांधे ढिले करणारे इथेनॉल, म्हणजे मद्यार्क, सीलबंद बाटलीतही तेच असते.

पुढे सोनोग्राफीत सिरोसिस, म्हणजे यकृतात व्रणासारखी कठीण ऊती वाढून त्याची रचना बिघडणे, आढळला आणि लॅक्टुलोजचे सिरप लिहून दिले गेले, पण ते कशासाठी, हे कोणी सांगितले नाही. बद्धकोष्ठाचे औषध समजून जुलाब होताच घरच्यांनी ते बंद केले. काही दिवसांनी बँकेने सही जुळत नाही म्हणून बंधूंचा धनादेश परत पाठवला. तीस वर्षे एकाच वळणाची असलेली ती सही रेषेखाली घसरलेली, अर्धवट अक्षरांची होती. बंधूंची दिवसाची झोप आणि रात्रीचे जागरण यांचा अर्थ तेव्हा कुठे लागला. आतड्यात तयार होणारा अमोनिया यकृताने निष्प्रभ न केल्यास मेंदूपर्यंत पोहोचून झोप आणि हस्ताक्षर बिघडवतो, आणि लॅक्टुलोज तो आतड्यातच अडकवून बाहेर काढते. हे सांगायला दोन मिनिटे पुरली असती.

म्हणून रोज पिणाऱ्याचे पोट वारंवार बिघडत असेल, तर कुटुंबीयांनी प्रमाण स्वतःहून सांगावे आणि यकृताच्या रक्तचाचण्यांबरोबर प्लेटलेटची संख्या व सोनोग्राफीही मागावी, कारण सिरोसिसमध्येही रक्तातील एन्झाइम कधीकधी जवळपास सामान्य दिसतात. पॅरासिटामॉल विचारल्याशिवाय देऊ नये. जुने व्यसन घरच्या घरी एका दिवसात तोडू नये, कारण कंप, झटके आणि भ्रम जिवावर बेततात. ते वैद्यकीय देखरेखीखाली सोडवावे. सिरप चालू असलेल्या रुग्णाला दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शौच होणे अपेक्षित असते. जुलाब वाढल्यास डॉक्टरांना विचारून मात्रा कमी करावी, औषध बंद करू नये. लेखकाच्या वहिनी आता स्वयंपाकघरातील कालनिर्णयवर प्रत्येक तारखेच्या चौकटीत शौचाच्या वेळांचा आकडा पेन्सिलीने लिहितात, आणि त्याशेजारी बंधूंकडून रोज एक सही करून घेतात.